लॉगर बोर्ड: बकचा इनपुट कॅपॅसिटर अखेर जागेवर बसला

सुटला एकदाचा गुंता! बक कन्व्हर्टरची (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सर्किटची) जागा पक्की झाली आणि तिच्यामागोमाग अर्ध्या बोर्डाची मांडणी ठरत गेली. राउटिंगला (तांब्याच्या वाटा आखायला) हात लावण्याआधीच ही नोंद टाकतोय.

कनेक्टर, स्क्रूची भोकं आणि वायफाय मॉड्यूल मागच्या वेळीच लॉक केले होते. मॉड्यूलचा अँटेना कडेबाहेर काढलाय, तिथे आता काही हलणार नाही. राहिला होता पॉवरचा कोपरा.

बकची चिप एसओटी-२३-६ या सहा पायांच्या छोट्या पॅकेजमधली. एका बाजूचे तीन पाय ग्राउंड, एसडब्ल्यू (स्विचिंगचा, इथून इंडक्टरकडे जायचं), व्हीआयएन (इनपुट), याच क्रमाने. सगळी कोंडी या क्रमाची आहे. इनपुट कॅपॅसिटर व्हीआयएन आणि ग्राउंड दोघांनाही चिकटून हवा, कारण स्विचिंगच्या प्रत्येक फेरीत झटक्याने चालू-बंद होणारा करंट त्याच लूपमधून फिरतो. पण तो तिथे ठेवला की मधल्या एसडब्ल्यूची वाट अडते. कॅपॅसिटर बाजूला सरकवला तर लूप फुगतो. एसडब्ल्यू वायातून (थर जोडणाऱ्या भोकातून) खालच्या थरावर उतरवला तर बोर्डावरचं सगळ्यात गोंगाटी नेट (जोडणी) एडीसीच्या, म्हणजे अॅनालॉग सिग्नल मोजणाऱ्या भागाच्या, दिशेने फिरून येतं. कॅपॅसिटर मागच्या बाजूला टाकूनही पाहिला, पण मग वायांचं इंडक्टन्स लूपमध्ये येऊन बसतं, शिवाय मागची बाजू मला रिकामी हवी आहे.

रॅट्सनेस्टकडे (अजून न आखलेल्या जोडण्यांच्या बारीक रेषांकडे) बघून हे सुटत नाही. रेषा कमी गुंतल्या की मांडणी चांगली, हे डिजिटल भागात बऱ्यापैकी खरं. पॉवरमध्ये मात्र एनेबलची (चिप चालू-बंद करणाऱ्या पायाची) रेषा आणि इनपुट कॅपॅसिटरची रेषा स्क्रीनवर सारखीच बारीक दिसते, आणि दोघींतून वाहणाऱ्या करंटची तुलनाच नाही. म्हणून किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या अपिअरन्स पॅनलमधून बाकी नेटच्या रेषा लपवल्या, फक्त हा लूप समोर ठेवला आणि मापं काढायला बसलो.

पायांमधलं अंतर ०.९५ मिमी, म्हणजे व्हीआयएन ते ग्राउंड १.९ मिमी. आणि किकॅडच्या ०८०५ आकाराच्या कॅपॅसिटरच्या फूटप्रिंटमध्ये (पॅडांच्या आराखड्यात) एका पॅडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किती? बरोबर १.९! कॅपॅसिटर पायांच्या रांगेला समांतर ठेवला की एक पॅड थेट व्हीआयएनसमोर, दुसरा थेट ग्राउंडसमोर. दोन पॅडांमध्ये ०.९ मिमी मोकळी जागा राहते, दोन्हीकडे ०.२ सोडले की एसडब्ल्यूची ०.५ मिमीची पट्टी कॅपॅसिटरच्या पोटाखालून सरळ बाहेर निघते, आणि पलीकडे लगेच इंडक्टर. त्याहून लहान ०६०३ घेतला तर ही फट ०.६५ वर येते आणि पट्टी ०.२५ ची होते. माझा लोड एक अँपिअरच्या आत आहे, त्यामुळे तेही चाललं असतं. पण डीसी बायसखाली मोठ्या आकाराच्या सिरॅमिकची कपॅसिटन्स सहसा कमी घटते, म्हणून ०८०५ च. कोर्टयार्ड (भागाभोवती राखलेल्या मोकळ्या जागेच्या चौकटी) एकमेकांना टेकवले तरी चिप आणि कॅपॅसिटरच्या पॅडांमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. डीआरसीची (नियम तपासणीची) तक्रार नाही. झूम करून ती पट्टी बघताना फार समाधान वाटलं.

एक सूचना: हे जुळवाजुळवीचं काम ०.०५ मिमीच्या ग्रिडवर करा, बाकी बोर्ड ०.५ वरच ठेवा. आणि इंटरनेटवरून उतरवलेले फूटप्रिंट मी डेटाशीटशी ताडल्याशिवाय वापरत नाही. कित्येकांना कोर्टयार्डच नसतं, मग असं टेकवून बसवणं अंदाजपंचे होतं.

बूटस्ट्रॅपचा (चिपमधला वरचा स्विच चालवायला लागणारा) १०० नॅनोफॅरॅडचा कॅपॅसिटर इंडक्टरजवळ ठेवायचा बेत होता. पण त्याचा पाय चिपच्या पलीकडच्या रांगेत, ग्राउंडच्या समोर आहे. लिहिता लिहिताच सुचतंय की एसडब्ल्यूची बारीक पट्टी आतल्या बाजूने, चिपखालून ग्राउंडच्या टोकाकडे काढली, तर हा कॅपॅसिटर तिथेच कोपऱ्यावर बसेल आणि वाया लागणारच नाही. त्याच रांगेत फीडबॅकचा (आउटपुट व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा) पायही आहे, इंडक्टरपासून लांब. मग अख्खा गट १८० अंशांत फिरवतो: इंडक्टर बोर्डाच्या कडेकडे, फीडबॅकचे रेझिस्टर कंट्रोलरकडे. एडीसीची संदर्भ व्होल्टेजची चिप कालपर्यंत जिथे होती तिथून तिला हलवायची गरजही त्यामुळे संपते.

डीकपलिंग आणि क्रिस्टलचं काम नेहमीचं, ते आधीच उरकलंय. आता गट फिरवून ग्राउंडच्या पॅडपाशी वाया टाकतो आणि मग राउटिंग. कुणी एसडब्ल्यू असा कॅपॅसिटरखालून नेला असेल तर स्कोपवर रिंगिंग (स्विचिंगनंतरची थरथर) किती दिसलं ते जरूर कळवा. ही थरथर शमवणाऱ्या स्नबरसाठी दोन फूटप्रिंटची जागा ठेवायची की नाही, ते त्यावर ठरवेन.