५३३ पायऱ्या

परीक्षा संपली आणि इथे जर्मनीत, आखेनच्या खोलीत बसवेना. मग काल आम्ही चौघं सकाळच्या गाडीने कोलोनला पळालो. सेमिस्टर तिकिटात (विद्यार्थ्यांचा सहामाही पास) रीजनल गाड्या फुकट, त्यामुळे डोकं लावायचं कारणच नव्हतं. डबा मात्र घेतला होता. बाहेर खायला गेलं की मनातल्या मनात युरोचे रुपये होतातच.

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर थेट कॅथेड्रल. १५७ मीटर उंच, काळपट, मान मोडेपर्यंत वर बघायचं. १२४८ साली पाया घातला, तेव्हा देवगिरीला यादव होते, ज्ञानेश्वरांचा जन्मही व्हायचा होता. पूर्ण झालं १८८० मध्ये, म्हणजे टिळकांचा 'केसरी' निघायच्या जेमतेम आधी! मधली तीनेक शतकं काम ठप्प, आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी. आमच्या गावच्या पुलाबद्दल मी यापुढे एक शब्द बोलणार नाही.

दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या. गोल, अरुंद, वरून उतरणाऱ्यांना भिंतीला चिकटून वाट द्यायची. "सिंहगड चढलोय रे, हे काय," म्हणणारा दोनशेव्या पायरीला गप्प झाला (तो मीच). वाटेत २४ टनांची घंटा दिसली, तिच्या निमित्ताने दम खाल्ला.

वर ऱ्हाईन, होहेनझोलर्न पूल आणि त्याच्या जाळीवरची प्रेमिकांची हजारो कुलुपं. ती अर्थात खाली उतरून पाहिली. नदीकाठी थालीपीठ खाल्लं, गार झालेलं.

पाय अजून दुखतायत. पुढच्या शनिवारी बॉन.