माळ्यावरचा डबा

आज माळा आवरताना लहानपणीचा टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम सापडला, तोच नकली, पिवळ्या कॅसेटवाला. फुंकर मारली, दोनदा आपटला आणि लगा चालू झाला की! आवाज ऐकून परत तेच डोक्यात, चिपट्यूनसाठी, म्हणजे असल्या जुन्या गेमच्या आवाजातलं संगीत करायला, हार्डवेअर सिंथ (आवाज बनवायचं बटणांचं यंत्र) घ्यावा का कॉम्प्युटरवरच्या फॅमिट्रॅकर सॉफ्टवेअरवरच भागवावं.

फॅमिट्रॅकर फुकट, निन्टेन्डोच्या जुन्या गेममधल्या आवाजाच्या चिपचे पाचही चॅनेल (एकाच वेळी वाजणारे वेगवेगळे आवाज) मिळतात, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज, एक सॅम्पलचा, आणि चुकलं की कंट्रोल झेड. सिंथ म्हणजे पगार गेला, आणि १९८२ च्या कमोडोर ६४ कॉम्प्युटरमधली ओरिजिनल सिड ही आवाजाची चिप शोधायची तर ती जुनीच मिळणार, मेलेली निघाली तर बोंबला.

पण बटणं हाताने फिरवायची मजा वेगळीच, मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा केसभर सरकवून जवारी (तारेचा झंकार) लावतात ना, तसलं काहीतरी माउसने होत नाही राव.

गंमत म्हणजे त्याच गेमची धून लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये (ओरिजिनल मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावली तर वेगळीच वाटली! बऱ्याच नकली डब्यांत पल्सचे २५ आणि ५० टक्क्यांचे ड्यूटी सायकल (लाट प्रत्येक फेरीत किती वेळ चालू राहते ते, त्यानेच आवाजाचा पोत बदलतो) अदलाबदल झालेले असतात, म्हणजे आमचं अख्खं लहानपण चुकीच्या आवाजात गेलं 😂

तूर्तास फॅमिट्रॅकरच, पण ड्यूटी उलटे लावून. आई खालनं ओरडतीय, माळा अजून अर्धाच आवरलाय.