कुळे-वेर्णा: मालगाड्यांची छोटी मॉडेलं बनवायच्या नादाने गोव्याला जाणाऱ्यांसाठी

"कुळ्याला मीटर गेजचे जुने डबे अजून साइडिंगला पडून आहेत, जा आणि मापं घेऊन ये," असं दोघा जाणकारांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. कुळे म्हणजे गोव्यातलं घाटाच्या पायथ्याचं स्टेशन, आणि मीटर गेज म्हणजे आताच्या रुंद ब्रॉडगेजच्या आधीचे मीटरभर अंतराचे रूळ. काही नाही तिथे. मोडकी चौकटसुद्धा नाही. टपरीवर एक निवृत्त गँगमन काका भेटले, त्यांना विचारलं तर हसायलाच लागले. "अरे बाबा, ब्रॉडगेज झालं तेव्हाच सगळं भंगारात गेलं. कोणी सांगितलं तुला?" तेव्हा पोर्तुगीज काळातली मुरगाव-कॅसलरॉक लाइन ज्यांना मॉडेलच्या १२ मिमीच्या रुळावर बसवायची आहे, त्यांनी घरी बसून जुने फोटो जमवावेत. तिकिटाचे पैसे वाचतील.

पण कुळ्याचा प्लॅटफॉर्म सोडू नका. कॅसलरॉकपर्यंतचा घाट ३७ ला १ चा चढ आहे, त्यामुळे मुरगावचा कोळसा घेऊन वर निघालेल्या गाड्यांना इथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. ती जोडेपर्यंत अख्खा रेक, म्हणजे पूर्ण गाडी, समोर उभा. बॉक्सएन, म्हणजे कोळशाच्या उघड्या वॅगनी, इतक्या निवांत बघायला दुसरीकडे क्वचित मिळेल. खाली उतरून टेप लावायचा विचारही करू नका. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, आणि घाटात रुळावरून चालणाऱ्यांमुळे आरपीएफ आधीच वैतागलेली असते. स्टेशन मास्तरांना विचारून प्लॅटफॉर्मवरूनच सरळ बाजूने फोटो घ्या. बॉक्सएनखालच्या कासनब बोगीच्या (चार चाकांच्या सांगाड्याच्या) दोन आसांत २००० मिमी अंतर असतं, फोटोवरून बाकीची मापं काढायला तीच तुमची पट्टी. चाकाचा व्यास धरू नका. नवं चाक १००० मिमीचं, पण झिजून ९०६ पर्यंत येतं, आणि सगळा हिशेब चुकतो. कपलर ते कपलर १०,७१३ मिमी, म्हणजे एचओत (८७ पट लहान मॉडेलात) १२३ मिमी.

एक गोष्ट मात्र ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. बॉक्सएन टिपलर नावाच्या यंत्रात उलटी करून रिकामी होते, वर्षानुवर्षं कोळसा आतून रेटतो, आणि बाजूचे पत्रे उभ्या पट्ट्यांच्या मधे फुगतात. मी पाहिलेल्या एका वॅगनचं दार तारेने बांधलं होतं, फटीतून काळं पाणी गळत होतं आणि नंबरावर तपासनिसाचा खडू फिरला होता. नंबर ११ आकडी: पहिले दोन वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग दोन बांधणीचं वर्ष, चार अनुक्रमांक, शेवटचा पडताळणीचा. आपल्याकडे प्रदर्शनांत पट्टीने आखल्यासारख्या गुळगुळीत बॉक्सएन मांडतात, त्या खोट्या दिसतात. एचओच्या १६.५ मिमीच्या रुळावर आपलं त्याहून रुंद ब्रॉडगेज बसवण्यात तसाही जवळजवळ तीन मिमीचा खोटेपणा असतोच. त्यात आणखी भर कशाला?

आता रोरो, म्हणजे ट्रक लादून नेणारी मालगाडी, बघायला वेर्णा. हा टप्पा म्हणजे नुसती डोकेदुखी. कुळ्याला स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याने अडीच हजार सांगितले. का, तर "दुधसागरचा सीझन आहे". मी दुधसागरला जातच नव्हतो! घासाघीस करून अठराशेवर आला, वर वेटिंग वेगळं म्हणाला. नाद सोडा. लोकलने मडगावला या, तिकीट किरकोळ आहे. मडगावहून कदंबाची (गोव्याची एसटी) पणजी शटल अजिबात पकडू नका, ती नॉनस्टॉप असते, वेर्ण्याला थांबत नाही. डोळ्यांदेखत वेर्णा मागे पडतं आणि तुम्ही पणजीत. थांबत जाणारी साधी बस घ्या. उतरल्यावर पुढे तंगडतोड आहे. सावली नाही, रस्त्यावर ट्रकच ट्रक, आणि त्या ऊन-धुळीत माझं डोकं फिरलं होतं. म्हणून सांगतो, सकाळीच जा. दुपारी जाणारा वेडा.

रोरो बघून मात्र राग गेला. कोकण रेल्वेची ही सेवा १९९९ पासूनची, कोलाड ते वेर्णा. सपाट बीआरएन वॅगनींवर रॅम्पवरून एकामागून एक ट्रक चढतात, चाकांखाली ठोकळे बसतात, ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच. एका ट्रकवर ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटला होता, कांदा चिरणं चालू होतं. ड्रायव्हर जळगावचा निघाला. "घाट नाय, टोल नाय, डिझेल नाय, झोपून जायचं," म्हणाला. मॉडेलला हा रेक सगळ्यात सोपा: सपाट वॅगन घरी प्लास्टिकच्या पत्र्यातून होते, खरी मेहनत ट्रकवर.

वास्कोलाही जाऊन आलो, बीच वगैरे ठीक. वॅगनवाल्यांनी वेळ कमी असेल तर वास्को गाळावं, कुळ्याला राहावं आणि बिस्किटं-पाणी बरोबर न्यावं. तिथला वडापाव अकरालाच संपतो.