ब्रिस्टल बंदर: पुलावरून खाली उतरा, खालून वर चढू नका

‘एसएस ग्रेट ब्रिटन जहाज बघून झालं की झुलता पूल चालत पंधरा मिनिटांवर’ असं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलबद्दल कुठे वाचलंत, तर अजिबात विश्वास ठेवू नका. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण क्लिफ्टन या उंचावरच्या वस्तीतला हा पूल भरतीच्या पाण्यापासून सुमारे ७५ मीटर उंचावर आहे आणि नकाशात उंची दिसत नाही. खालच्या, नदीकाठच्या हॉटवेल्सहून वर जाणाऱ्या पायवाटेचं नावच झिगझॅग. एक वळण संपलं की वर दुसरं दिसतं, तितकंच खडं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, कुजलेली पानं वाटेला चिकटलेली, पाठीवर सॅक, आणि खालच्या पोर्टवे रस्त्यावरून ट्रकची सतत घरघर. वर पोहोचलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि पुलाकडे नीट बघायचंही त्राण नव्हतं.

तीच वाट उतरायला मात्र उत्तम. टेम्पल मीड्स स्टेशनवरून बसने क्लिफ्टन गाठा. पुलावर चालणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. १८३१ मध्ये काम सुरू झालं, पैशाअभावी रखडलं, १८५९ मध्ये पुलाचा अभियंता ब्रुनेल वारला आणि १८६४ मध्ये पूल खुला झाला. पूल पाहा आणि झिगझॅगने नदीवर उतरा. बूट चांगल्या पकडीचे हवेत. एव्हन नदीच्या मुखाशी असलेल्या एव्हनमथच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून नेमक्या ओहोटीला खाली पोहोचा, ही माझी सगळ्यात महत्त्वाची सूचना.

कारण या बंदराचा सगळा इतिहास त्या चिखलात आहे. एव्हन जिला मिळते त्या सेव्हर्न नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीत बारा मीटरहून जास्त फरक पडतो, जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी हा एक. ओहोटीला एव्हन नदीत मधोमध पाण्याची एक पट्टी उरते, दोन्ही काठांना तपकिरी, चकचकीत चिखलाचे उतार. शहराच्या धक्क्यापर्यंत आलेली जहाजं रोज अशा गाळावर टेकायची. कमजोर सांगाडा असेल तर फळ्या उचकटायच्या, नीट न बांधलेला माल कलंडायचा. यावर उपाय म्हणून अभियंता विल्यम जेसपने नदीला नवा कालवा काढून दिला आणि जुनं पात्र दरवाजे लावून कोंडलं. १८०९ पासून बंदरात पाणी कायम राहिलं. अंडरफॉल यार्ड या बोटदुरुस्तीच्या आवारातल्या झडपांमधून गाळ आजही बाहेर काढला जातो. तिथे थांबा, घाई करू नका.

पुढे दक्षिण काठाने एसएस ग्रेट ब्रिटन. तिकीट महाग आहे, पण द्यावं. १८४३ मध्ये हे लोखंडी जहाज ज्या सुक्या गोदीतून पाण्यात उतरलं, त्याच गोदीत ते आज उभं आहे. वरचा डेक झटपट उरका आणि वेळ तळाशी घालवा. डोक्यावर काचेचं छत, त्यावर पाण्याचा पातळ थर, खाली यंत्रांनी कोरडी ठेवलेली हवा. पत्र्यांना जागोजागी गंजून भोकं पडली आहेत. १८५७ च्या उठावाच्या वेळी हेच जहाज घोडदळ घेऊन मुंबईला आलं होतं, हे डोक्यात ठेवून त्या पत्र्यांसमोर उभं राहिलो तेव्हा अंगावर काटा आला. १८६१ मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघही यातूनच ऑस्ट्रेलियाला गेला. शेवटी फॉकलंडच्या किनाऱ्यावर टाकून दिलेलं हे जहाज १९७० मध्ये परत आणलं.

बोटफेरी, कॅफे, रंगीत घरं, सगळं छान आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

एवढं पाहून परत फिरलात तर बंदर अर्धंच पाहिलंत. १६९८ ते १८०७ या काळात इथून गुलामांच्या व्यापारासाठी दोन हजारांहून अधिक सफरी निघाल्या. धक्क्यावर हिंडताना ते कळत नाही, म्हणून एम शेड या मोफत संग्रहालयात जाच. सोमवारी ते बंद असतं. या व्यापारातला एडवर्ड कोल्स्टन, त्याचा पुतळा शहरात १८९५ पासून उभा होता. ७ जून २०२० रोजी लोकांनी तो पाडून बंदरात ढकलला, तोही पेरो पुलाजवळ. ज्याचं नाव या पुलाला आहे तो पेरो म्हणजे जॉन पिनी या साखरमळेवाल्याचा गुलाम. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर १७६५ मध्ये पेरो बारा वर्षांचा असताना पिनीने त्याला विकत घेतलं. पिनीचं घर, जॉर्जियन हाउस, टेकडीवर आहे. ते रोज उघडं नसतं, वार पाहून जा. साखरेचा पैसा कुठे मुरला हे त्या घरात दिसतं.

गाडी आणूच नका. जुन्या डिझेल गाडीला शहराच्या मध्यभागी शिरायचे दिवसाला ९ पौंड पडतात, पार्किंग वेगळं.

आर्नोस व्हेल दफनभूमी शेवटी ठेवा. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ स्टेपलटनला वारले. १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी त्यांचे अवशेष इथे हलवून वर छत्री बांधवली. ती प्रवेशद्वारापासून फार लांब नाही. प्रवेश मोफत आहे. टेम्पल मीड्सहून बाथ रोडने चालत जाता येतं, पण तो रस्ता चढाचा, धुराचा आणि रटाळ आहे, तेव्हा सरळ बस धरा आणि दार बंद व्हायच्या वेळेआधी तासभर तरी पोहोचा.