रिकामे बेड

३० जुलै, रात्री साडेअकरा

आज दिवसभर भोरकडच्या एका शाळेत नववी-दहावीची पोरं आणि गावातल्या जीपवाल्यांना सीपीआर शिकवत होते, खांदे भरून आलेत पण झोप येत नाहीये. ३० जुलैला ती येतच नाही मला.

२०१४ ला ह्याच दिवशी सकाळी माळीणवर डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, नेहमीसारखा गाडी घेऊन गेला तर गाव जागेवरच नाही. मी तेव्हा कॅज्युअल्टीला होते, फोन आला तसे आम्ही बेड मोकळे केले, सलाईनच्या बाटल्या लटकवून ठेवल्या, सर्जनना बोलावून घेतलं आणि वाट बघत बसलो. पेशंट आलेच नाहीत. संध्याकाळी सिस्टरांनी एकेक बाटली परत काढून ठेवली, ते अजून डोळ्यासमोर आहे. त्या रात्री ठरवलं की आपण दाराच्या आत थांबून चालणार नाही, आणि दोन-चार महिन्यांत अँब्युलन्सची ड्युटी घेतली.

तिथे गेल्यावर कळलं की आमच्याही आधी तिथे शेजारीच पोचलेला असतो. २०२३ ला इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हा तर गाडी वर जायला रस्ताच नव्हता, चिखलातून चढूनच जायचं. म्हणून ही ट्रेनिंग. मान धरून माणूस एकसाथ कसा वळवायचा, वाहतं रक्त कुठे आणि किती वेळ दाबून धरायचं, एवढं जरी त्या जीपवाल्याला आलं ना तरी आमच्या हातात जिवंत माणूस येतो.

ट्रायजच्या पट्ट्या, म्हणजे खूप जखमी असताना आधी कोणाला बघायचं ते ठरवून बांधायच्या रंगीत पट्ट्या, मात्र शिकवायला जड जातात. लाल, पिवळी, हिरवी पटकन कळते. काळी म्हणजे श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास नाही, मग पुढच्या माणसाकडे जायचं. कॅज्युअल्टीत आपण अशा पेशंटसाठी जिवाचं रान करतो आणि इथे त्याला सोडून उठायचं, मला स्वतःला हे अंगवळणी पडायला वर्षं गेली.

आज एका मुलीने विचारलं, मॅडम, काळी पट्टी बांधली की त्याच्याजवळ कोण बसायचं?

हिरव्या पट्टीवाल्यांपैकी कोणीतरी, ज्याला चालता येतंय असं, म्हणाले मी. पण आमच्या ड्रिलच्या कागदावर हे कुठेच नाहीये, येताना गाडीत तेच डोक्यात होतं. उद्या सकाळी पहिलं ते लिहून घेते.