आमेन कोण म्हणतो?

रविवार, रात्र

ख्रिस्ती प्रार्थना संपली की आमेन. याची इतकी सवय झाली आहे की हा शब्द पूर्णविरामासारखा वापरला जातो. कोणी अर्थ विचारलाच तर 'तथास्तु' सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर मला पटत नाही. तथास्तु देव म्हणतो, ऋषी म्हणतात. वर देण्याचं सामर्थ्य ज्याच्याकडे आहे तो म्हणतो. आमेन म्हणतो तो मागणारा किंवा ऐकणारा. 'तसे होवो' हा अर्थ त्याहून जवळचा. इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ग्रीक वाचकांना तोच सांगितला होता. पण त्यातही अर्धाच शब्द पकडला जातो.

मूळ हिब्रू धातू आलेफ-मेम-नून या तीन अक्षरांचा. अर्थ टेकू देणं, पक्कं असणं. याच धातूपासून मंदिराच्या दाराच्या खांबांना शब्द आला (बायबल, 2 राजे 18:16), आणि तान्ह्या मुलाला उराशी धरून नेणाऱ्यालाही (गणना 11:12). अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात थकून खाली येऊ लागतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन बाजूंनी हात धरून ठेवतात. ते हात सूर्यास्तापर्यंत 'स्थिर' राहिले, असं निर्गम 17:12 सांगतं. तिथला शब्द 'एमुना', हाही याच धातूचा. पुढे 'विश्वास' म्हणायला हाच शब्द रूढ झाला. तेव्हा आमेन म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाला आपला खांदा देणं.

म्हणून जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तो प्रार्थनेपुरता नाही. 1 राजे 1:36 मध्ये दावीद राजा आपला मुलगा शलमोन याला राजा करायचा हुकूम देतो, त्याचा अधिकारी बनाया 'आमेन' म्हणतो, आणि लगेच सादोक व नाथान यांच्याबरोबर शलमोनाला राजाच्या खेचरावर बसवून गीहोन झऱ्यापाशी घेऊन जातो. 'अनुवाद' या पुस्तकाचा 27वा अध्याय तर अंगावर येतो. लेवी, म्हणजे मंदिरसेवेचा वंश, मोठ्याने एकेक शाप उच्चारतात आणि सगळ्या लोकांनी 12 वेळा आमेन म्हणायचं. शेजाऱ्याची शीव सरकवणारा शापित असो: आमेन. आंधळ्याला वाट चुकवणारा शापित असो: आमेन. ज्याने स्वतः बांध कोरला आहे त्याने हे आमेन कसं म्हणायचं? इथे तो शब्द म्हणणारा स्वतःच साक्षीत अडकतो.

यहुदी परंपरेने तो कसा म्हणायचा याचे नियमच करून ठेवले. तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात, तीन सदोष आमेन सांगितले आहेत. एक हिसकावलेला, म्हणजे घाईघाईने उच्चारलेला. एक तोडलेला, ज्यात शेवटचा 'न' गिळला जातो. आणि एक अनाथ, म्हणजे मूळ आशीर्वचन न ऐकताच म्हटलेला. मग अलेक्झांड्रियाच्या प्रचंड सिनेगॉगचं, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचं, काय? तिथे मागच्यांना आवाज पोहोचत नसे, म्हणून मधल्या लाकडी चौथऱ्यावरून निशाण हलवलं जाई आणि लोक आमेन म्हणत. हा आमेन अनाथ का नाही? कारण कोणतं आशीर्वचन चालू आहे हे लोकांना माहीत होतं, असं भाष्यकार सांगतात. येशूचा प्रेषित पौलही हीच अट घालतो (1 करिंथ 14:16): अनोळखी भाषेत आभार मानलेस तर न समजणारा आमेन कसा म्हणेल? मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली त्याचं महत्त्व मला इथेच सगळ्यात जास्त वाटतं.

येशूने मात्र याची जागाच बदलली. आमेन दुसऱ्याच्या बोलण्यानंतर यायचा. तो स्वतःच्या बोलण्याआधी ठेवतो. मराठी बायबल वाचताना हे निसटतं, कारण तिथे 'मी तुम्हांला खचित सांगतो' असं आहे. ते 'खचित' म्हणजे मुळातलं आमेन. योहानात 'खचित खचित' अशी जोडी 25 वेळा येते. अर्थ म्हणून 'खचित' चोख आहे, पण वाचकाला एकाच शब्दाची दोन टोकं दिसत नाहीत. पेन्सिल घेऊन एका शुभवर्तमानातल्या प्रत्येक 'खचित'वर बारीक 'आ' लिहावा. डोंगरावरचं प्रवचन वेगळंच ऐकू येऊ लागतं.

आता मिस्सेतलं. सगळ्यात मोठा आमेन कृपादानाच्या मुख्य प्रार्थनेच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसावर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या, शेवटी आहे. त्या लांब प्रार्थनेत बहुतेक भाग एकटा धर्मगुरू म्हणतो, आणि लोकांची संमती या एका शब्दात येते. शक्य असेल तर तो गावा. नेमका तोच कित्येकदा पुटपुटला जातो, कारण तोवर गुडघे अवघडलेले असतात आणि लक्ष उठण्याकडे असतं.

कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी क्रम असा: देणारा भाकर किंचित उंच धरतो, 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणतो, घेणारा ऐकू येईल असं आमेन म्हणतो, मग ती हातावर किंवा जिभेवर घेतो. जुन्या लॅटिन पद्धतीत आमेनही धर्मगुरूच म्हणून टाकत असे. घेणाऱ्याच्या तोंडी तो परत आला 1964 साली. रांग लांब असली की तालमूदमधला हिसकावलेला आमेन इथे हमखास सापडतो: देणाऱ्याचे शब्द पुरे व्हायच्या आत तो येतो, किंवा भाकर तोंडात गेल्यावर. दोष बऱ्याचदा देणाऱ्याचा असतो, तो थांबतच नाही. संत ऑगस्टीन याच क्षणाबद्दल श्रोत्यांना सांगत: ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव व्हा, म्हणजे तुमचा आमेन खरा ठरेल.

आणि एक बारीक गोष्ट. मिस्सेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' संपल्यावर आमेन नाही. धर्मगुरू शेवटची विनंती, वाइटापासून सोडवण्याची, तिथूनच पुढे नेतो, आणि लोक स्तुतीने ती पुरी करतात. घरी, रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत), प्रॉटेस्टंट उपासनेत आमेन आहे, म्हणून जीभ आपोआप वळते. गाणाऱ्या मंडळींनी ऑर्गनवाल्याला हे आधीच सांगून ठेवावं. त्याने शेवटचा सूर लांबवला की अख्खं देऊळ आमेन म्हणून मोकळं होतं.