लासन: एक क्रियापद आणि माझी सायकल

जर्मनीत लाइपझिगला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी ऑफिसात ऐटीत सांगितलं, ‘मी सायकल दुरुस्त केली.’ आपण मराठीत असंच म्हणतो ना, ‘काल केस कापले’. कात्री न्हाव्याची असली तरी! पण जर्मन शब्दशः घेतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलवाला स्वतःची पंक्चर सायकल घेऊन हजर.

तेव्हा ‘लासन’ हे जर्मन क्रियापद नीट शिकलो. दुसऱ्याकडून करवून घेतलं तर ‘रेपारीरन लासन’, म्हणजे आपलं ‘दुरुस्त करून घेणं’. याच क्रियापदाने परवानगीही देतात आणि वस्तू मागेही ठेवतात. ‘लास दास!’ म्हणजे ‘पुरे, सोड ते!’ ‘लास उन्स गेन’ म्हणजे ‘चला, निघू या’. माझं लाडकं मात्र ‘दास लेस्ट झिश माखन’: ‘जमेल की!’

भूतकाळात खरी गोची. एकटं असेल तर ‘गेलासन’, पण सोबत दुसरं क्रियापद आलं की पुन्हा मूळ रूप, ‘लासन’च. गंमत म्हणजे ‘गेलासन’चा विशेषण म्हणून अर्थ होतो शांत, निवांत. परीक्षेत नेमका तिथेच चुकलो, तेव्हा मी अजिबात ‘गेलासन’ नव्हतो.

ती पंक्चर? मीच काढून दिली. दोन तास लागले.